फसगत की फसवणूक? ‘डिसेप्टिव्ह’ हा इंग्रजी शब्द नीट वापरायचा कसा

माझ्या शिकवणीतल्या एका मुलाचे वडील तासगावला बेदाण्याचा व्यापार करतात. एका हंगामात त्यांनी दिल्लीच्या गिऱ्हाइकाला पाठवायला दोन ओळी इंग्रजीत लिहून मागितल्या. म्हणणं साधं होतं. ‘सर, अवकाळीनं रंग जरा काळपट झालाय, पण गोडीला माल एक नंबर आहे. रंगावर जाऊ नका म्हणावं, खाऊन बघा.’ मी लिहून दिलं, ‘द कलर ऑफ अवर रेझिन्स इज डिसेप्टिव्ह.’ तासाभरात समोरून फोन आला, की मालाला रंग मारलाय का?

वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. रंग खरोखरच फसवा होता, दिसायला हलका माल चवीला चांगला होता. पण विकणारा स्वतःच्याच मालाबद्दल ‘डिसेप्टिव्ह’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला लबाडीचा वास येतो, आणि आपली समजूत कुठल्या बाजूला चुकते आहे हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. ‘प्लीज डोन्ट गो बाय द कलर, दे आर स्वीटर दॅन दे लुक’ असं लिहायला हवं होतं. सौदा दोन दिवस लांबला. त्यांनी मला बोल लावला नाही, पण तेव्हापासून सांगलीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शब्दसंग्रह शिकवताना या एका शब्दाला मी पूर्ण तास देतो. तो तास इथं पायरीपायरीनं मांडतो आहे.

पहिली पायरी: आधी मराठीत दोन शब्द वेगळे करा

शब्दकोशात ‘डिसेप्टिव्ह’समोर फसवा, भ्रामक, दिशाभूल करणारा असे अर्थ दिलेले असतात. मुलं ते पाठ करतात आणि तिथंच अडकतात, कारण मराठीतला ‘फसवा’ दोन्हीकडे चालतो. फसवं ऊन असतं, फसवा उतार असतो, आणि फसवा माणूसही असतो. उन्हाला काही हेतू नसतो. माणसाला असतो.

आपल्याकडे हा फरक दाखवणारी एक सुरेख जोडी आहे: फसगत आणि फसवणूक. ‘माझी फसगत झाली’ म्हणताना मी कुणावर आरोप करत नाही. मी अंदाज बांधला, तो चुकला, एवढंच. ‘माझी फसवणूक झाली’ म्हटलं की समोर फसवणारा उभा राहतो, पुढचा प्रश्न ‘कुणी केली?’ हाच असतो. ‘डिसेप्टिव्ह’चं मूळ घर फसगतीच्या बाजूला आहे. एखाद्या गोष्टीचं दिसणं असं असतं की बघणाऱ्याचा समज चुकावा. त्यामागे कुणाचा डाव असेल किंवा नसेल. शब्द त्याबद्दल स्वतःहून काही सांगत नाही.

कृष्णेच्या काठावर राहणाऱ्याला हे उदाहरण द्यावं लागत नाही, तरी देतो. ऑगस्टमध्ये कधी सांगलीत लख्ख ऊन पडलेलं असतं, माणसं घाटावर निवांत उभी असतात आणि आयर्विन पुलाखाली पाणी फुटाफुटानं चढत असतं. पाऊस इथं नसतोच, तो वर महाबळेश्वरला आणि कोयनेच्या पाणलोटात पडत असतो. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी, आणि आकाश मात्र निळं. ‘द सनशाइन वॉज डिसेप्टिव्ह, द रिव्हर वॉज स्टिल रायझिंग.’ ते ऊन कुणी मुद्दाम पाडलेलं नव्हतं, तरी त्याला भुलून सामान वर चढवायला उशीर करणाऱ्यांची फसगत झाली. शब्दाचा हा सगळ्यात शुद्ध वापर.

म्हणून इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मराठीत म्हणून बघा. ‘बघणाऱ्याची फसगत होते’ असं म्हणता येत असेल तर ‘डिसेप्टिव्ह’ बिनधास्त लिहा. ‘त्यानं फसवलं’ असंच म्हणायचं असेल तर थांबा, बहुधा दुसरा शब्द लागेल.

दुसरी पायरी: घराणं आणि स्पेलिंग

क्रियापद डिसीव्ह, नाम डिसेप्शन आणि डिसीट, विशेषण डिसेप्टिव्ह आणि डिसीटफुल, क्रियाविशेषण डिसेप्टिव्हली. सगळ्यांचं मूळ एका लॅटिन क्रियापदात आहे. त्याचा गाभा ‘पकडणे’ असा, आणि पूर्ण अर्थ ‘जाळ्यात पकडणे’. कॅप्चर, कॅप्टिव्ह, ॲक्सेप्ट, रिसीव्ह हे शब्दही त्याच ‘पकडण्या’तून आले. आपण ‘फसणे’ म्हणतो तेव्हा कानाला ‘फास’ ऐकू येतोच, त्यामुळे हे मूळ मराठी माणसाच्या लक्षात राहतं.

स्पेलिंगला मुलं घाबरतात, पण इथं एक ठरीव साचा आहे. रिसीव्ह, रिसेप्शन, रिसेप्टिव्ह. पर्सीव्ह, पर्सेप्शन, पर्सेप्टिव्ह. तसंच डिसीव्ह, डिसेप्शन, डिसेप्टिव्ह. क्रियापदात ‘सी’नंतर आधी ‘ई’, मग ‘आय’. नामात आणि विशेषणात ‘पी’ येतो. खड्डा एकच आहे: रिसीट या शब्दात न उच्चारला जाणारा ‘पी’ आहे, डिसीटमध्ये तो नाही. उच्चार करताना जोर मधल्या ‘सेप्’वर द्या.

आणखी दोन शब्दांशी गल्लत होते, ती महागात पडते. ‘डिफेक्टिव्ह’ म्हणजे सदोष. बंद पडलेल्या मिक्सरच्या तक्रारीत एका मुलीनं ‘डिसेप्टिव्ह पीस’ लिहिलं होतं, म्हणजे बिघाडाची तक्रार फसवणुकीची वाटू लागली. दुसरा ‘डिसीस्ड’, म्हणजे मृत. ‘डिसीव्ह्ड’ लिहिताना मधली दोन अक्षरं चुकली तर फसलेला माणूस कागदावर मयत होतो. वकिलाकडे किंवा बँकेत द्यायच्या अर्जात हा शब्द दोनदा तपासा.

तिसरी पायरी: कुठल्या शब्दाशेजारी बसवायचा

शब्दाचा अर्थ कळला तरी त्याची सोबत कळल्याशिवाय तो आपला होत नाही. ‘डिसेप्टिव्ह’ या नामांजवळ सहज बसतो: ॲपिअरन्स, लुक्स, काम (शांतता), ईझ, सिम्प्लिसिटी, पॅकेजिंग, ॲडव्हर्टायझिंग, प्रॅक्टिस. ‘अ डिसेप्टिव्ह काम’ म्हणजे फसवी शांतता. ‘विथ डिसेप्टिव्ह ईझ’ म्हणजे बघणाऱ्याला सोपं वाटावं अशा सफाईनं. कुस्तीचं वर्णन करताना हा प्रयोग फार उपयोगी पडतो, कारण मुरलेला पैलवान डाव असा टाकतो की त्यामागची वर्षांची मेहनत दिसतच नाही. या वापरात निंदा नाही, उलट कौतुक आहे.

सगळ्यात रुळलेलं वाक्य म्हणजे ‘ॲपिअरन्सेस कॅन बी डिसेप्टिव्ह’. त्याच जागी ‘डिसीव्हिंग’ही चालतं. ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ या म्हणीला एवढं जवळचं इंग्रजी वाक्य दुसरं नाही. पण प्रत्येक मराठी म्हण या वाक्यात कोंबू नका. ‘दुरून डोंगर साजरे’मध्ये अंतरामुळे दोष झाकले जातात. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’मध्ये नाव आणि वस्तुस्थिती यांची विसंगती आहे, तिथं कुणाची फसगत होतेच असं नाही.

मराठी वळणामुळे होणारी एक चूक इथंच सांगतो. ‘ते मला फसवं वाटलं’ याचं ‘इट वॉज डिसेप्टिव्ह टू मी’ करू नका. ‘इट डिसीव्ह्ड मी’ किंवा ‘आय वॉज डिसीव्ह्ड बाय इट्स लुक्स’ म्हणा. आणि ‘फसवून सही घेतली’ यासाठी रचना आहे ‘दे डिसीव्ह्ड हिम इन्टू सायनिंग’. ‘टू साइन’ नाही, ‘इन्टू सायनिंग’.

चौथी पायरी: माणसाला लावताना हात आखडा

‘यू आर डिसेप्टिव्ह’ असं वाक्य मी बऱ्याच तक्रारअर्जांत पाहिलं आहे. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, ‘तुम्ही सांगितलं एक आणि केलं दुसरं.’ पण माणसाला हे विशेषण लावलं की वर्तनावरची तक्रार थेट स्वभावावर जाते. माणूस मुद्दाम कपट करतो असं ठामपणे म्हणायचंच असेल तर त्याला नेमका शब्द ‘डिसीटफुल’ आहे, आणि तो उच्चारण्याआधी हातात पुरावा हवा. पुरावा नसेल तर माणूस बाजूला ठेवा आणि कागदाबद्दल बोला: ‘द ब्रोशर वॉज मिसलीडिंग.’ तक्रारीचं वजन तेवढंच राहतं आणि उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. गावातला आपला अनुभवही असाच आहे. ‘तुम्ही लबाड आहात’ म्हटलं की बोलणंच संपतं, ‘तुमच्या पावतीत घोळ आहे’ म्हटलं की निदान पावती बाहेर येते.

पाचवी पायरी: ‘डिसेप्टिव्हली’चं दुधारी पातं

इथं मी तासातला निम्मा वेळ घालवतो.

मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या दुकानात छताला भलेमोठे वाळलेले भोपळे टांगलेले असतात. नवख्या माणसाला तो पेलायला दोन हात लागतील असं वाटतं, आणि उचलल्यावर तो अगदी हलका निघतो. इंग्रजीत: ‘द गोर्ड इज डिसेप्टिव्हली लाइट.’ आता आपल्या भडंगाचं बघा. दिसायला साधे परतलेले चुरमुरे, तिखट असेल असं वाटत नाही, आणि दुसऱ्या घासाला ठसका लागतो. ‘द भडंग लुक्स डिसेप्टिव्हली माइल्ड.’

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण भोपळा खरोखर हलका होता आणि भडंग मात्र सौम्य नव्हता. पहिल्या वाक्यात विशेषण खरं, दुसऱ्यात खोटं. एकच क्रियाविशेषण दोन उलट दिशांना नेतं. रुळलेल्या प्रयोगांतही तेच दिसेल. ब्रिटनमधले घरांचे दलाल ‘डिसेप्टिव्हली स्पेशस’ लिहितात, म्हणजे घर दिसतं लहान, आहे ऐसपैस. उलट ‘अ डिसेप्टिव्हली सिंपल क्वेश्चन’ म्हणजे दिसतो सोपा, आहे अवघड.

हा गोंधळ आपल्या इंग्रजीचा नाही, इंग्रजीचाच आहे. अमेरिकन हेरिटेज डिक्शनरीनं आपल्या भाषातज्ज्ञांच्या मंडळाला विचारलं होतं, की पोहण्याचा तलाव ‘डिसेप्टिव्हली शॅलो’ आहे म्हणजे काय? ५० टक्के म्हणाले, दिसतो त्यापेक्षा उथळ. ३२ टक्के म्हणाले, दिसतो त्यापेक्षा खोल. उरलेले १८ टक्के म्हणाले, सांगताच येत नाही. भाषेवर आयुष्य घालवलेल्या माणसांचं हे उत्तर आहे. मग घाटावरच्या इंग्रजी पाटीवर हा शब्द लिहिला तर वाचणारा पाण्यात सूर मारेल की मागे सरेल? एकमेकांच्या अगदी उलट अशी दोन उत्तरं एकाच पाटीतून निघतात, आणि तिथं पोहायला येणारी पोरं कुणाची तरी असतात. सूचना, इशारा, औषधाची माहिती, यंत्राची पुस्तिका, यांत ‘डिसेप्टिव्हली’ कधीही वापरू नका असं मी मुलांना सांगतो. या बाबतीत मी सवलत देत नाही.

त्याऐवजी काय लिहायचं? दिसणं आणि असणं दोन्ही उघड लिहा. ‘द वॉटर लुक्स शॅलो बट इट इज डीप.’ किंवा तुलना करा: ‘द वॉटर इज डीपर दॅन इट लुक्स.’ वाक्य लांबतं खरं, पण अर्थ एकच राहतो. बेदाण्याचं माझं वाक्य याच कसोटीवर नापास झालं होतं.

गोष्ट, कविता, प्रवासवर्णन यांत मात्र ‘डिसेप्टिव्हली’ला जागा आहे. मागचापुढचा संदर्भ अर्थ सांभाळत असेल तर तिथं तो छान दिसतो.

सहावी पायरी: कायद्यातला अर्थ वेगळा ओळखा

व्यापारचिन्ह कायदा, १९९९ यात ‘डिसेप्टिव्हली सिमिलर’ असा प्रयोग आहे. वरच्या पायरीवरून कुणी म्हणेल, ‘सारखं दिसतं पण सारखं नाही’. तसं नाही. कलम २ मधल्या व्याख्येनुसार, एक चिन्ह दुसऱ्याशी इतकं मिळतंजुळतं असेल की त्यामुळे फसगत होण्याची किंवा गोंधळ उडण्याची शक्यता आहे, तर ते ‘डिसेप्टिव्हली सिमिलर’. इथं शब्दाचा अर्थ ‘फसगत व्हावी इतकं’. एका हळदीच्या पुडीचा रंग, अक्षरांचं वळण आणि नावाचा नाद दुसऱ्या नामांकित पुडीसारखा असेल, तर घाईतलं गिऱ्हाईक एकाऐवजी दुसरी उचलेल. या व्याख्येत मुद्दाम केलं की नकळत, हा प्रश्न येत नाही, गिऱ्हाइकाची फसगत होईल का एवढंच बघितलं जातं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘मिसलीडिंग ॲडव्हर्टाइजमेंट’ आहे आणि अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत ‘डिसेप्टिव्ह प्रॅक्टिस’ही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’बद्दल केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात ॲप आणि वेबसाइटवरच्या अशा १३ क्लृप्त्या दिल्या आहेत. खोटी घाई लावणं, न मागितलेली वस्तू बिलात सरकवणं, अशा. परीक्षेत उतारा या विषयावर आला तर ‘डिसेप्टिव्ह’चा अर्थ फसवणुकीकडे झुकलेला असतो हे लक्षात ठेवा.

सातवी पायरी: शेजारचे शब्द

इथं सगळं एका हळकुंडावर समजावता येतं. शिजवून, वाळवून पॉलिश केलेलं हळकुंड वरून पिवळंधमक दिसतं. पॉलिश ही रीतसर प्रक्रिया आहे, त्यात गैर काही नाही. तरी आतला रंग कसा आहे ते मोडल्यावरच कळतं. ‘द शाइन कॅन बी डिसेप्टिव्ह.’ समजा पाकिटावर लिहिलं ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आणि ते फक्त पाकिटाच्या कागदाबद्दल होतं, तर ते ‘मिसलीडिंग’. हा शब्द माहितीला, आकड्यांना, मजकुराला लावतात. हळदीत मेटॅनिल यलोसारखा, खाण्यात न चालणारा रासायनिक रंग मिसळून ती विकली, तर ते ‘फ्रॉड्युलंट’, आणि असं जाणूनबुजून करणारा ‘डिसीटफुल’.

‘इल्यूसरी’ म्हणजे जे मुळात नाहीच, मृगजळ. जतच्या माळावर उन्हाळ्यात रस्त्यावर दिसणारं पाणी ‘इल्यूसरी’. ते दृश्य ‘डिसेप्टिव्ह’ही म्हणता येईल, पण त्या पाण्याला ‘इल्यूसरी’च म्हणावं.

‘स्पीशस’ हा मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि तो फार थोडे वापरतात. लॅटिनमध्ये त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ ‘देखणा’ असा होता. इंग्रजीतही तो आधी तसाच होता, मग ‘देखणा पण पोकळ’ झाला. तो युक्तिवादाला लावतात. ‘गेल्या दोन वर्षांत पाणी आमच्या गल्लीत आलं नाही, म्हणजे यंदाही येणार नाही.’ ऐकायला पटतं, आत आधार काही नाही. ‘अ स्पीशस आर्ग्युमेंट.’ वस्तूला, चेहऱ्याला, हवामानाला ‘स्पीशस’ लावू नका. आणि वर आलेला ऐसपैस ‘स्पेशस’ तो वेगळा, कानाला जवळ असला तरी.

आठवी पायरी: सराव

शब्द पाठ करण्याऐवजी आठवडाभर रोज डोळ्यांसमोरची एक गोष्ट घ्या. वहीच्या डाव्या बाजूला ‘कसं दिसतं’ आणि उजव्या बाजूला ‘कसं आहे’ लिहा. मगच खाली इंग्रजी वाक्य. दोन रकाने भरता आले नाहीत तर त्या गोष्टीला हा शब्द लागत नाही असं समजा. मुलांनी केलेल्या सरावातली काही वाक्यं, माझ्या दुरुस्तीसह:

‘दंडोबाचा डोंगर दुरून बुटका दिसतो, चढताना दम निघतो.’ मुलानं लिहिलं, ‘दंडोबा इज डिसेप्टिव्ह माउंटन.’ आधी ‘अ’ राहिला. आणि डोंगर कशात फसवतो तेही सांगायला हवं: ‘दंडोबा लुक्स लाइक अ स्मॉल हिल, बट द क्लाइंब इज स्टीपर दॅन इट ॲपिअर्स.’ शब्द गेला, अर्थ आला. असं बऱ्याचदा होतं आणि ते चांगलंच आहे.

‘एजंटनं मला फसवून जास्त पैसे घेतले.’ मुलीनं लिहिलं, ‘द एजंट डिसेप्टिव्ह मी.’ विशेषण क्रियापदाच्या जागी बसलं आहे. आणि पैशांचा मामला आहे, म्हणून ‘डिसीव्ह’पेक्षा ‘चीट’ नेमका: ‘द एजंट चीटेड मी.’ किती रुपये गेले ते पुढच्या वाक्यात लिहावं.

‘आजी शांत दिसतात, पण हिशोबाला पक्क्या आहेत.’ इथं वर्ग दोन बाजूंना वाटला गेला. काहींनी ‘आजी इज डिसेप्टिव्ह’ लिहिलं, म्हणजे आजींना थेट लबाड ठरवलं. एका मुलानं लिहिलं, ‘डोन्ट बी डिसीव्ह्ड बाय हर क्वाएट मॅनर, शी रिमेम्बर्स एव्हरी रुपी.’ मी ते फळ्यावर उतरवलं आणि सगळ्यांना वहीत लिहून घ्यायला सांगितलं.